सकाळची साखर

गुळाचा डबा कुलपात मी ठेवला होता. २००८ सालची गोष्ट. मायला साखरेचा आजार जडून तोवर तीन-चार वर्षं झाली होती आणि मी नुकतंच घरी साखर मोजायचं यंत्र आणलं होतं. यंत्र नवं, त्यामुळे दिवसातून तीन-तीनदा मोजणं चालायचं. रात्री दहाला १४०, सकाळी उपाशीपोटी १६८. संध्याकाळी सातला कळण्याची अर्धी भाकर आणि भरीत, त्यानंतर पाण्याशिवाय पोटात काही नाही. मग झोपेत साखर वाढली कुठून?

मी शाळेत विज्ञान शिकवतो. हा प्रश्न मी पुस्तकाला विचारायला हवा होता. मी तो मायला विचारला. “रात्री उठून काही खाल्लंस का?”

“काहीच नही खाधं रे भाऊ.”

दुसऱ्या दिवशी १७२. परत तोच प्रश्न, परत तेच उत्तर. चौथ्या-पाचव्या दिवशी तिने उत्तर देणं बंद केलं. मग मी गुळाच्या डब्याला कडी बसवून घेतली, कुलूप लावलं आणि किल्ली पाकिटात ठेवली. मायने ते पाहिलं. सत्तरीकडे निघालेल्या, आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला तिच्याच स्वयंपाकघरात गुळासाठी मुलाकडे किल्ली मागायची वेळ आली, आणि तिने ती कधी मागितली नाही. चहाच बिनगोडाचा करून टाकला.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठचं. पुढच्या वर्षी मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. शस्त्रक्रियेआधी रक्त तपासतात, तसं तपासलं आणि हेपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातून येऊन यकृतात बसणारा विषाणू, निघाला. ज्या दवाखान्यात तपासलं तिथे त्या दिवशी शस्त्रक्रिया झाली नाही. कागद हातात देऊन आम्हाला घरी पाठवलं. गावात “मायला कावीळ आहे” एवढीच बातमी पसरली. तिचे डोळे पिवळे नव्हते, पोट दुखत नव्हतं, फक्त दुपारी कपाशीच्या शेतातून आल्यावर ती खाटेवर पडायची आणि तासभर उठायची नाही. ते आम्ही वयावर टाकलं होतं.

कुठून आला असेल हा विषाणू? १९९२ साली तिची गर्भपिशवी काढली तेव्हा दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. त्या वेळी रक्त विकत मिळायचं. पैसे घेऊन रक्त देण्यावर देशात बंदी आली ती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून. हा विषाणू सापडला तोच मुळी १९८९ मध्ये, आणि आपल्याकडे रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची व्हायला पुढचं शतक उजाडलं. रक्तातून आला असेल, किंवा त्या काळी तापाला म्हणून उकळलेल्या काचेच्या पिचकारीने घेतलेल्या कुठल्या तरी इंजेक्शनातून. खात्रीने सांगता येत नाही. आला आणि सतरा वर्षं न बोलता यकृतात राहिला, एवढं खरं.

तेव्हापासून मायच्या दोन पिशव्या झाल्या. साखरेची फाइल कापडी पिशवीत, ती अमळनेरच्या डॉक्टरांकडे न्यायची. यकृताची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती नाशिकला. नाशिकला साखरेबद्दल विचारलं की “तुमच्या डॉक्टरांकडे दाखवा,” आणि अमळनेरला यकृताबद्दल विचारलं की “ते नाशिकचे बघताहेत ना?” दोघेही आपापल्या कामात चांगले होते, तळमळीने बघायचे. पण दोन्ही पिशव्या एका टेबलावर कधी उघडल्या गेल्या नाहीत. मीही उघडल्या नाहीत, आणि त्या उचलून नेणारा तर मीच होतो.

२०१० च्या फेब्रुवारीत विषाणूवरचं इंटरफेरॉन सुरू झालं. आठवड्याला एक इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली, सोबत रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या. मायचा विषाणू पहिल्या जातीचा, म्हणून मुदत ४८ आठवड्यांची. भारतात जास्त करून तिसरी जात आढळते, तिला २४ आठवडे पुरायचे. आमच्या नशिबी लांबचा रस्ता होता. मायच्या पाटल्या जळगावच्या सराफाकडे गेल्या. तो व्यवहार तिने स्वतः केला, वजन स्वतः पाहिलं, रक्कम स्वतः मोजली.

ते औषध दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं. खान्देशातल्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर, आणि गावात तेव्हा बारा-बारा तास भारनियमन. घरचा फ्रिज म्हणजे नुसतं कपाट. म्हणून इंजेक्शनं अमळनेरच्या एका औषधाच्या दुकानात, इन्व्हर्टरवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये ठेवायची आणि दर शनिवारी एक आणायचं. कारखान्यातून बर्फ घ्यायचा, थर्मासमध्ये भरायचा, इंजेक्शन टॉवेलात गुंडाळून वर ठेवायचं. बर्फाला थेट टेकलं तर औषध गोठतं आणि वाया जातं. मोटरसायकलवर तो थर्मास मी दोन मांड्यांत धरून आणायचो. शनिवारी संध्याकाळी इंजेक्शन, रात्री हुडहुडी भरून ताप, रविवार अंगदुखीत. केस गळून विरळ झाले. कधी आवाज न चढवणारी माय भांडी आदळू लागली, आणि मग त्याचंच वाईट वाटून रडायची.

बाराव्या आठवड्याला एक गोष्ट घडली, तिचा उलगडा मला फार उशिरा झाला. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, आधी ८.४ होती, ती ६.२ आली. घरात आनंद झाला. यंत्रावर मात्र सकाळची साखर १८० च्या खाली येईना. मला वाटलं यंत्र बिघडलं. मी पट्ट्या बदलल्या, सेल बदलला.

यंत्र ठीक होतं. रिबाव्हिरिनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी वेळेआधी फुटतात. मायचं हिमोग्लोबिन ११.८ वरून ८.९ वर आलं होतं. एचबीएवनसी मोजते ती तांबड्या पेशींना चिकटलेली साखर, आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. पेशी लवकर मरू लागल्या की रक्तात राहतात त्या कोवळ्या पेशी, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो. आकडा उतरतो, साखर उतरलेली नसते. हिमोग्लोबिनचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, एचबीएवनसीचा कापडी पिशवीत.

चोविसाव्या आठवड्याला रक्तात विषाणू शिल्लक होता. त्या वेळच्या नियमाप्रमाणे चोविसाव्यालाही विषाणू दिसला तर पुढे जाण्यात अर्थ नसायचा. उपचार थांबले. परतीच्या एसटीत, चांदवड मागे पडल्यावर माय म्हणाली, “बरं व्हयनं, सुई तरी सुटनी.” मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

मधली सहा वर्षं लिहिण्यासारखी नाहीत. मोतीबिंदू दुसऱ्या एका ठिकाणी झाला, एका डोळ्याचा. दिवसाच्या सगळ्यात शेवटी तिला आत घेतलं.

२०१६ च्या जूनमध्ये नाशिकला नवे, तरुण डॉक्टर भेटले. त्यांनी फाइल बाजूला ठेवून मायला पदर थोडा सरकवायला सांगितला आणि तिची मान पाहिली. मानेभोवती काळसर, जाडसर, मखमलीसारखा पट्टा होता, कित्येक वर्षांपासूनचा. घरात सगळे म्हणायचे की पोतीच्या काळ्या मण्यांचा रंग उतरतो. दर दिवाळीच्या अभ्यंगाला माय तो वजरीने घासायची, कातडी लाल होईपर्यंत. डॉक्टर म्हणाले, “आजी, हा मळ नाही. घासू नका. तुमच्या रक्तात इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त फिरतंय, त्याची ही खूण आहे.” मायने मानेवरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

त्यांनी उपाशीपोटीची साखर आणि त्याच नमुन्यातलं इन्सुलिन, दोन्ही मोजायला सांगितलं. साखर १६२, इन्सुलिन १५. दोघांचा गुणाकार करायचा आणि ४०५ ने भागायचं. उत्तर आलं सहा. याला होमा म्हणतात; १९८५ साली ऑक्सफर्डमध्ये बसवलेलं हे गणित. हेपॅटायटिस सीच्या काही अभ्यासांत दोनच्या वरचा आकडा ‘इन्सुलिनला दाद न देणारं शरीर’ असा धरला होता. मायचा सहा.

इन्सुलिनला दाद न देणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. मराठीत काळीज म्हणजे मुळात यकृतच. मटणाच्या दुकानात कलेजी मागतो ती हीच. बोलताना आपण काळजाचा अर्थ हृदयाकडे नेला, पण आपल्या जुन्या लोकांनी माया, धसका, घालमेल सगळं यकृतात ठेवलं होतं. हे काळीज घरच्या कणगीसारखं काम करतं. जेवणानंतरची जादा साखर ते साठवतं, आणि रात्री आपण झोपलेलो असताना मेंदूसाठी, रक्तातल्या तांबड्या पेशींसाठी त्यातली थोडी थोडी बाहेर सोडतं. साठाच काढतं असं नाही, नवी साखर तयारही करतं. किती सोडायची याला लगाम घालतं ते इन्सुलिन. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन सगळ्यात आधी यकृतातच पोहोचतं आणि सांगतं, पुरे, आता कणगीचं तोंड बंद कर.

हेपॅटायटिस सी हा विषाणू यकृताच्या पेशीत राहतो, आणि त्याच्या गाभ्याचं एक प्रथिन पेशीच्या आतला निरोपच तोडतं. इन्सुलिन दाराशी येतं, कडी वाजवतं, पण आतला निरोप्या नाहीसा केलेला असतो. भरीला यकृताची सूज, आणि सुजेतून निघणारी रसायनं तेच काम आणखी बिघडवतात. यकृताला ऐकू जात नाही, ते साखर सोडत राहतं. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओततं, तरी ऐकू जात नाही. सकाळी यंत्रावर १६८. विषाणू नसलेल्या मधुमेहातही सकाळची साखर अशीच यकृतातून येते, पण मायच्या यकृतात वर हा पाहुणा बसलेला होता. अमेरिकेत २००० साली छापून आलेल्या एका मोठ्या पाहणीत, चाळिशीपुढच्या ज्यांना हेपॅटायटिस सी होता त्यांच्यात दुसऱ्या प्रकारचा मधुमेह तिपटीहून अधिक आढळला होता.

रात्री उठून कुणीच काही खाल्लं नव्हतं.

त्यानंतर मी वाचत सुटलो. शाळा सुटल्यावर धुळ्याला एका मित्राच्या संगणकावर बसायचो. २००५ साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी छापलेला एक अभ्यास वाचताना हात थांबला. इंटरफेरॉन घेतलेले पहिल्या जातीचे रुग्ण त्यांनी होमाप्रमाणे वेगळे केले होते. होमा दोनच्या आत होता अशा ४३ जणांपैकी २६ बरे झाले. दोनच्या वर होता अशा ७० जणांपैकी फक्त २३. मायची पहिली सुई टोचली गेली त्याच्या पाच वर्षं आधी हे छापलं गेलं होतं. इन्सुलिनला दाद मिळेनाशी झाली की इंटरफेरॉनचंही बळ कमी पडतं, आणि इंटरफेरॉन स्वतःही साखर बिघडवू शकतं. मेटफॉर्मिन, पायोग्लिटाझोन अशा साखरेच्या गोळ्या जोडून हा तोटा भरून काढता येईल का, हेही लोकांनी करून पाहिलं. ठाम म्हणावा असा फायदा दिसला नाही. म्हणून दोन पिशव्या एका टेबलावर उघडल्या असत्या तर माय २०१० मध्येच बरी झाली असती, असं मी म्हणणार नाही. पण कुलूप लागलं नसतं.

नवं औषध तोवर भारतात आलं होतं. सोफोसबुव्हिरला अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा तिथे एका गोळीची किंमत हजार डॉलर, बारा आठवड्यांच्या ८४ गोळ्यांचे ८४ हजार डॉलर. सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनीने सात भारतीय कंपन्यांना ते बनवायचे परवाने दिले आणि ते आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आलं. आवाक्यात म्हणजे त्या वर्षीची कपाशी आणि माझ्या पतपेढीचं कर्ज मिळून. मायला सोफोसबुव्हिर आणि लेडिपासव्हिर एकत्र असलेली गोळी दिली. रोज एक, २८ गोळ्यांची एक बाटली, अशा तीन बाटल्या. सुई नाही, बर्फ नाही, ताप नाही. पित्ताची गोळी तेवढी थांबवायला सांगितली, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की लेडिपासव्हिर नीट शोषलं जात नाही. आमच्याकडचा काळा मसाला आणि शेवभाजी बघता पित्ताची गोळी घराघरात असते. मायने महिनाभर शेवभाजी सोडली.

जुलैच्या मध्यावर पहिली गोळी. चौथ्या आठवड्याला रक्तात विषाणू दिसेना. आणि सकाळची साखर उतरू लागली, पहिल्या आठवड्याला १५८, मग १४१, मग १२६, मग ११२. मी हे आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत होतो आणि खूश होत होतो. साखरेच्या गोळ्या मात्र होत्या तेवढ्याच चालू होत्या. सकाळ-संध्याकाळ ग्लिमेपिराइड, ती स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढणारी गोळी. विषाणू गेल्यावर यकृताला इन्सुलिनचं म्हणणं पुन्हा ऐकू येऊ लागलं होतं, आणि आम्ही अजून ओरडूनच सांगत होतो.

श्रावणातली कानबाई आली. आमच्याकडे कानबाई म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण. भाऊबंद मुंबई-सुरतेहून घरी येतात, रोटाचे गहू सव्वाच्या मापाने निघतात, पुरण शिजतं, गंगाफळाची भाजी होते, आणि रविवारची रात्र गाण्यांत नि फुगड्यांत जाते. मायने दिवसभर उपवास केला होता. रात्री रोटाचा प्रसाद म्हणून दोन घास खाल्ले, संध्याकाळची गोळी मात्र चुकवली नाही. गोळी चुकवू नकोस, हे मीच बजावलं होतं.

पहाटे चारच्या सुमाराला, बायका कानबाईपुढे गात असताना, माझ्या बायकोने मला हलवून उठवलं. माय भिंतीला टेकून बसली होती. लुगडं घामाने भिजलेलं, हात थरथरत होते. “माले घेरी यी राह्यनी,” एवढंच म्हणाली. सगळे म्हणाले, उपवास आणि जागरण, दुसरं काय. एक काकू म्हणाल्या, अंगात येतंय बहुतेक. मी यंत्र आणलं. ४८.

पुरणासाठी गुळाचा डबा आदल्या दिवशीच उघडला होता, तो चुलीजवळ तसाच पडलेला होता, कुलूप बाजूला. मी त्यातला गूळ हाताने फोडला, पेलाभर पाण्यात विरघळवला आणि तिला पाजला. पंधरा मिनिटांनी ६९. परत अर्धा पेला. तासाभराने ती बोलायला लागली, तोवर बाहेर उजाडलं होतं आणि कानबाईच्या विसर्जनाची तयारी सुरू झाली होती. तिने विचारलं, “साखर उतरनी म्हंजे काळीज बरं व्हयनं का रे भाऊ?”

मी हो म्हणालो. पुढे बोलता आलं नाही. तिचा हात हातात घेतला आणि डब्याची गोष्ट काढली. आठ वर्षांपूर्वीचं, रात्री उठून काही खाल्लंस का, ते. ती म्हणाली, “आसू दे.” एवढंच म्हणाली.

त्याच सोमवारी फोनवर डॉक्टरांनी संध्याकाळची ग्लिमेपिराइड बंद केली आणि सकाळची अर्ध्यावर आणली. पुढे २०१८-१९ च्या सुमारास युरोपातल्या औषध नियामकांनी हेपॅटायटिस सीच्या या नव्या गोळ्यांच्या माहितीपत्रकात इशारा घातला: मधुमेह असलेल्यांची साखर उपचार सुरू झाल्यावर झपाट्याने उतरू शकते, पहिल्या तीन महिन्यांत लक्ष ठेवा, साखरेच्या औषधांचा डोस बदलावा लागेल. तो मजकूर वाचताना मला ती पहाट आठवली.

ऑक्टोबरमध्ये तिसरी बाटली संपली. त्यानंतर बारा आठवड्यांनी, म्हणजे २०१७ च्या जानेवारीत, शेवटची तपासणी. विषाणू नाही. एचबीएवनसी ८.१ वरून ६.७. या वेळी रिबाव्हिरिन नव्हतं, हिमोग्लोबिन जागच्या जागी होतं, त्यामुळे आकड्यावर विश्वास ठेवता आला. उपाशीपोटी साखर १०८, इन्सुलिन ९. मी एसटीतच तिकिटाच्या मागे गणित केलं. २.४.

सगळ्यांचं असंच होतं असं नाही. काहींची साखर जेमतेम हलते, काहींची उतरून वर्षा-दोन वर्षांत परत चढते, कारण विषाणू हे एकच कारण नसतं. वजन, वय, घराणं, यकृतातली चरबी, हे सगळं मागे राहतंच. मायचंही तसं झालं. भूक परतली, जेवण गोड लागू लागलं, सहा किलो वजन वाढलं, आणि २०१९ पर्यंत सकाळची साखर १२५-१३० ला येऊन थांबली. मेटफॉर्मिन चालू आहे. यकृतात आधीच पडलेले वळ पूर्ण पुसले जात नाहीत, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. मानेवरचा पट्टा फिका झालाय, गेलेला नाही. ती आता घासत नाही.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये हा विषाणू शोधणाऱ्या हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना नोबेल मिळालं. मी मायला पेपर वाचून दाखवला. तिने तिघांची नावं दोनदा म्हणवून घेतली आणि देवाजवळ दिवा लावला.

२८ जुलै २०१८ ला सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यातून हेपॅटायटिस सीच्या गोळ्या आता सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. गेल्या वर्षी आमच्या भाऊबंदांतल्या एकाला हेपॅटायटिस सी निघाला. त्यालाही साखर आहे. तो गोळ्या सुरू करणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. साखरेच्या गोळ्यांची यादी कागदावर लिहून घेतली, यकृताच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावली, आणि डॉक्टरांना ती मुद्दाम दाखवायला सांगितलं. त्याच्या बायकोला म्हटलं, पहिले तीन महिने रोज सकाळी मोजा, आणि गुळाचा खडा त्याच्या उशाशी ठेवा. ती म्हणाली, साखरेच्या माणसाच्या उशाशी गूळ? मग बसून तिला सगळं सांगितलं, डब्यापासून.

मायच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू आता पिकलाय. शस्त्रक्रियेआधी रक्त तपासतील आणि हेपॅटायटिस सीची चाचणी परत होकारार्थी येईल, कारण विषाणू गेला तरी त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं आयुष्यभर रक्तात राहतात. म्हणून आरएनए तपासणीचा, म्हणजे खुद्द विषाणू शोधणाऱ्या तपासणीचा, नकारार्थी कागद मी लॅमिनेट करून घेतलाय. तो तिने स्वतःच्या पिशवीत ठेवलाय, कंगव्याशेजारी. तारीख आखाजीनंतरची, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरची, घेतली आहे, सणाला घरी राहायचं म्हणून.

आज सकाळी ११८ होती. यंत्र तिने स्वतः लावलं, आकडा मला मोठ्याने सांगितला, आणि विचारलं, “आखाजीले रस खाऊ का रे भाऊ?”

मी म्हटलं, खा. अर्धी वाटी.

“एक,” ती म्हणाली.